परिवहन राज्यमंत्र्याच्या हातात नेमकं काय असतं? गावच्या एसटीसाठी निवेदन देण्याआधी हे वाचा

तालुक्याला कुणी मंत्री येणार म्हटलं की आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात निवेदनाची टायपिंग सुरू होते. आमच्या गावानंही तेच केलं.

२०२१-२२ चा एसटीचा मोठा संप झाला, त्यात आमच्या गावची सकाळची गाडी बंद पडली. संप मिटला, तालुक्याच्या बाकी गाड्या हळूहळू सुरू झाल्या, आमची काही आली नाही. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून पुढं तालुक्याला जावं लागतं. मुलं मोटारसायकलवर ट्रिपल शीट जातात, मुलींना वडापच्या जीपला लटकून जायचं. ते घरच्यांना पटत नाही. दोन वर्षांत तीन मुलींची शाळा सुटली. त्यातली एक माझ्या चुलतभावाची.

मग २०२५ च्या उन्हाळ्यात एक राज्यमंत्री एका कार्यक्रमाला तालुक्याला आले. सरपंच, पोलीस पाटील, आम्ही पाच-सहा जण निवेदन घेऊन गेलो. साहेबांनी कागद घेतला, पीएकडं दिला, "बघतो" म्हणाले. फोटो निघाला, ग्रुपवर टाकला, आणि आम्ही गाडीची वाट बघत बसलो. साडेचार महिन्यांनी आगारात दुसऱ्या कामाला गेलो तेव्हा तिथल्या बाबूनं फाईल काढून दाखवली. आमचं निवेदन फिरून फिरून त्याच आगारात येऊन पडलं होतं, गावापासून २२ किलोमीटरवर. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. ज्यांना निवेदन दिलं त्या राज्यमंत्र्यांकडं परिवहन खातंच नव्हतं.

चूक त्यांची नाही, आमची. पण अशी चूक प्रत्येक गाव करतं, म्हणून हा लेख.

राज्यमंत्री म्हणजे कोण?

आपल्या राज्यघटनेच्या कलम १६४ प्रमाणे राज्यपाल मुख्यमंत्र्यांची नेमणूक करतात आणि मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानं बाकी मंत्र्यांची. त्या कलमात 'कॅबिनेट मंत्री' आणि 'राज्यमंत्री' अशी वर्गवारी नाही. शपथ दोघांची सारखीच, पदाची आणि गोपनीयतेची. लाल-पांढऱ्या गाड्यांचा ताफा बघून गावात फरक कळतही नाही. फरक कामाच्या वाटपात आहे.

कॅबिनेट मंत्री हा खात्याचा प्रमुख. राज्यमंत्री त्याच्या हाताखाली, त्याला मदत करायला. मंत्रिमंडळाची जी बैठक होते, जिच्यातले निर्णय आपण टीव्हीवर बघतो, तिला कॅबिनेट मंत्री बसतात. राज्यमंत्र्याला बोलावलं तरच तो जातो.

एकूण किती मंत्री करायचे यालाही मर्यादा आहे. २००३ साली ९१ वी घटनादुरुस्ती झाली, तेव्हापासून विधानसभेच्या आमदारसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त मंत्री करता येत नाहीत. आपल्याकडं २८८ आमदार, म्हणजे मुख्यमंत्र्यांसकट ४३. एवढ्या थोड्या जागांत सगळ्या पक्षांना, सगळ्या भागांना सांभाळायचं असतं, म्हणून एकेका राज्यमंत्र्याच्या गळ्यात पाच-पाच सहा-सहा खाती पडतात.

ताजं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्या मंत्रिमंडळाचा नागपूरला विस्तार झाला, त्यात सहा जणांनी राज्यमंत्री म्हणून शपथ घेतली. परिवहनचं कॅबिनेट मंत्रिपद प्रताप सरनाईक यांच्याकडं गेलं आणि राज्यमंत्रिपद माधुरी मिसाळ यांच्याकडं. पण मिसाळ यांच्याकडं एकटं परिवहन नव्हतं. नगरविकास, सामाजिक न्याय, वैद्यकीय शिक्षण, अल्पसंख्याक विकास हीसुद्धा खाती त्याच वेळी आली. त्याआधी महाविकास आघाडीच्या काळात अनिल परब परिवहनमंत्री होते आणि सतेज पाटील राज्यमंत्री. पाटलांकडंही परिवहनच्या जोडीला गृह (शहरे), गृहनिर्माण, माहिती तंत्रज्ञान अशी खाती होती.

मधल्या काळात, म्हणजे एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना जून २०२२ पासून २०२४ च्या निवडणुकीपर्यंत, राज्यात एकही राज्यमंत्री नव्हता. परिवहन खातं मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडंच ठेवलं होतं. अडीच वर्षं परिवहन राज्यमंत्री नव्हता, तरी एसटी चालली, आरटीओ चाललं, लायसन्सं निघाली. आणि याच काळात प्रवाशांच्या दृष्टीनं दोन सगळ्यात मोठे निर्णय झाले. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांना एसटी फुकट झाली आणि १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. महिलांची सवलत तर अर्थसंकल्पात जाहीर झाली होती. असे निर्णय मुख्यमंत्री, अर्थखातं आणि मंत्रिमंडळ यांच्या पातळीवर होतात. ते राज्यमंत्र्याच्या टेबलावर होत नाहीत.

मग त्याच्याकडं अधिकार कुठले?

सरळ सांगायचं तर जेवढे लेखी दिलेत तेवढे. राज्याचा कारभार कसा चालवायचा याची कार्यनियमावली घटनेच्या कलम १६६ खाली केलेली असते. तिच्यानुसार खातं मंत्र्याकडं असतं. मंत्र्यानं आपल्या खात्यातले कुठले विषय राज्यमंत्र्याकडं सोपवले ते लेखी आदेशानं ठरतं. मंत्री मोकळ्या मनाचा असेल तर चार चांगले विषय देतो. नसेल तर राज्यमंत्र्याच्या दालनात फाईल कमी आणि हारतुरे जास्त. राज्यमंत्र्यांना काही कामच मिळत नाही ही तक्रार कुठल्याही पक्षाचं सरकार असो, ऐकायला येतेच.

मंत्रालयात फाईल खालून वर जाते. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव, आणि मग मंत्री. विषय सोपवलेला असला तर ती राज्यमंत्र्याकडं थांबते, तो शेरा मारतो, आणि गरज असेल तर पुढं मंत्र्याकडं जाते. विषय सोपवलेला नसला तर फाईल त्याच्या दालनावरून जाईल, पण आत येणार नाही.

बैठका घेण्यावरून तर जुलै २०२५ मध्ये उघड वाद झाला. तो परिवहनचा नव्हता, सामाजिक न्याय खात्याचा होता, पण राज्यमंत्री त्याच, माधुरी मिसाळ. त्यांनी खात्याची आढावा बैठक घेतली. कॅबिनेट मंत्री संजय शिरसाट यांनी पत्र पाठवून मला कळवून बैठका घ्या असं सुचवलं. मिसाळ यांनीही पत्रानंच उत्तर दिलं की आढावा घ्यायला परवानगी लागत नाही. शेवटी मुख्यमंत्र्यांना बोलावं लागलं. त्यांचा निवाडा असा की राज्यमंत्र्याला बैठक घेता येते, पण धोरणाचा निर्णय मंत्र्याला विचारल्याशिवाय घेता येत नाही.

आपल्या कामाची रेघ हीच आहे. राज्यमंत्री अधिकाऱ्यांना बोलावू शकतो, विचारू शकतो, "अमुक गावची गाडी का बंद आहे ते सांगा" म्हणू शकतो. धोरण बदलू शकत नाही.

सभागृहात मात्र त्याचा शब्द वजनदार

हा मुद्दा गावाकडं कुणाला माहीत नसतो आणि माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा आहे.

अधिवेशनात विधानसभा आणि विधान परिषद एकाच वेळी चालतात. कॅबिनेट मंत्री एका सभागृहात अडकला तर दुसरीकडं त्याच्या खात्याचं उत्तर द्यायला राज्यमंत्री उभा राहतो. आमदारानं तारांकित प्रश्न विचारला, लक्षवेधी लावली, की उत्तर द्यावंच लागतं. आणि त्या उत्तरासाठी मंत्रालयातून महामंडळाला, महामंडळातून विभागाला, विभागातून आगाराला फोन जातो. जो आगारवाला सहा महिने आपल्याला ओळख देत नाही तो एका दिवसात माहिती भरून पाठवतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय, शेजारच्या गावच्या पुलापलीकडच्या गाडीचं.

दुसरं म्हणजे सभागृहात मंत्री किंवा राज्यमंत्री "ही गाडी सुरू करू" म्हणाला तर ते नोंदलं जातं. विधिमंडळाची आश्वासन समिती असते, ती दिलेल्या शब्दांचा पाठपुरावा करते. कार्यक्रमाच्या स्टेजवरचा शब्द कुठंच नोंदला जात नाही. त्यामुळं निवेदन राज्यमंत्र्याला देण्यापेक्षा आपल्या आमदाराला द्या आणि प्रश्न लावायला सांगा. आमदार विरोधी पक्षाचा असला तर आणखी बरं, तो हौसेनं लावतो.

रस्ता, गाडी, पाटी: कुणाचं काय

परिवहन राज्यमंत्र्याला खड्ड्यांचं निवेदन देणारी गावं मी बघितलीत. परिवहन म्हणजे गाड्या. रस्ते वेगळे. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडं, गावरस्ते बरेचसे जिल्हा परिषदेकडं, आणि राष्ट्रीय महामार्ग दिल्लीच्या मंत्रालयाकडं. तिथं नितीन गडकरी कॅबिनेट मंत्री आणि जून २०२४ पासून अजय टम्टा व हर्ष मल्होत्रा हे राज्यमंत्री. म्हणजे 'वाहतूक राज्यमंत्री' हा शब्द मुंबईत एक अर्थानं वापरतात आणि दिल्लीत दुसऱ्या.

राज्याच्या परिवहन खात्याखाली ढोबळमानानं दोन घरं येतात. एक परिवहन आयुक्तांचं, त्यात आरटीओ, लायसन्स, परमिट, फिटनेस, वाहन कर. दुसरं एसटी महामंडळ. आरटीओचं घर चालतं १९८८ च्या मोटार वाहन कायद्यावर. तो केंद्राचा कायदा. जुन्या गाड्यांना नवी नंबरपाटी लावायची सक्ती आली तेव्हा लोकांनी राज्यातल्या मंत्र्यांना शिव्या घातल्या. पाटीचा नियम मूळ केंद्राचा, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती लावून घ्यायची मुदत ठरवली आणि पुन्हा पुन्हा वाढवली ती राज्याच्या खात्यानं.

परमिट नाकारलं, रद्द केलं, तरी राज्यमंत्र्याकडं अपील नसतं. त्याच कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे राज्य परिवहन अपील न्यायाधिकरणाकडं जावं लागतं. तिकिटाचे दरही तसेच. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीची १४.९५ टक्के भाडेवाढ लागू झाली, तिला मान्यता राज्य परिवहन प्राधिकरणानं दिली होती. वडापवाल्या, रिक्षावाल्या पोरांनी हे लक्षात ठेवावं, कुणी "साहेबांकडून परमिट सोडवून देतो" म्हणून पैसे मागितले तर देऊ नयेत.

एसटी महामंडळ हे तर कायद्यानं वेगळं आहे. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली ते चालतं. पहिली गाडी त्याच्याही आधी सुटली होती, १ जून १९४८ ला अहमदनगर ते पुणे. महामंडळाला स्वतःचं संचालक मंडळ आहे, अध्यक्ष आहे, व्यवस्थापकीय संचालक आहे. अध्यक्षपद कधी परिवहनमंत्र्याकडं राहिलं, कधी आमदाराकडं, कधी अधिकाऱ्याकडं. सरकार पैसा देतं, धोरण सांगतं, पण अमक्या गावाला सकाळी सातची फेरी लावायची की साडेसातची, हे मंत्रालयात ठरत नाही. ते आगारात आणि विभाग नियंत्रकाच्या कार्यालयात ठरतं.

शाळकरी मुलींच्या निळ्या बसचं आणखीच वेगळं आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत त्या धावतात. चालवते एसटीच, पण कार्यक्रम नियोजन विभागाचा. आपला तालुका त्या यादीत असेल आणि निळी बस गावात येत नसेल तर नुसतं परिवहनला लिहून भागत नाही, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेलाही लिहा.

एक गंमत बघा. खात्यात ज्याचं कुणी ऐकत नाही तोच राज्यमंत्री एखाद्या जिल्ह्याचा पालकमंत्री असला तर तिथं तो राजा असतो, कारण जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष तोच. जानेवारी २०२५ च्या यादीत मेघना बोर्डीकर परभणीच्या आणि पंकज भोयर वर्ध्याच्या पालकमंत्री झाले, दोघंही राज्यमंत्रीच. त्यामुळं राज्यमंत्री भेटला तर आधी बघा, हा आपल्याकडं कुठल्या नात्यानं आलाय, खात्याच्या की जिल्ह्याच्या.

आमची गाडी कशी सुरू झाली

आगारातल्या त्या बाबूनं आमचं निवेदन वाचून दाखवलं. "गावाला बस नसल्याने विद्यार्थ्यांचे हाल होत आहेत तरी बस सुरू करावी ही विनंती." खाली पंधरा सह्या. वर राज्यमंत्री कार्यालयाचा शेरा, "नियमानुसार योग्य कार्यवाहीस्तव." बाबू म्हणाला, "दादा, याच्यावर मी काय करू? किती पोरं, कुठल्या शाळेची, शाळा कितीची, परत यायचं कितीला, काहीच नाही."

शेऱ्यांचा अर्थही त्याच्याकडूनच कळला. "नियमानुसार कार्यवाही करावी" म्हणजे जे करता ते करा, आम्हाला सांगायची गरज नाही. "तपासून अहवाल सादर करावा" असेल तर खालच्याला उलट उत्तर लिहावंच लागतं. राज्यमंत्र्याचा पीए भेटला तर हात जोडून एवढंच मागा, शेरा दुसरा मारा म्हणून.

मग आम्ही नव्यानं बसलो. तालुक्याच्या दोन शाळा आणि एका कॉलेजातून आमच्या आणि वाटेवरच्या दोन वाड्यांच्या मुलामुलींची यादी मुख्याध्यापकांच्या सहीनं घेतली. ६१ नावं निघाली, त्यात ३४ मुली. किती जण पास काढतील ते लिहिलं. विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत असते, मुलींचा अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत मोफत, आणि या सवलतीचे पैसे महामंडळाला सरकारकडून मिळायचे असतात. म्हणून आगाराला यादी दाखवली की त्याला गाडीचं भारमान दिसतं. तिन्ही ग्रामपंचायतींचे ठराव जोडले. एका ठिकाणी रस्त्याची साईडपट्टी खचली होती, ड्रायव्हर त्या कारणानं गाडी न्यायला तयार नव्हते. ती मुरूम टाकून गावानं भरली आणि फोटो जोडला.

अर्ज आगार व्यवस्थापकाला दिला, एक प्रत विभाग नियंत्रकाला, पोच घेतली. २०२४ पासून महामंडळानं 'प्रवासी राजा दिन' सुरू केलाय, विभाग नियंत्रक आगारात बसून प्रवाशांचं ऐकतात. आपल्या आगारात कधी आहे ते विचारून त्या दिवशी जावं. आम्ही गेलो, चार पालक आणि दोन मुली. मुलींनी स्वतः सांगितलं. आमच्या चार मोठ्यांच्या बोलण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त झाला असं मला वाटतं. तिथं नाही झालं तर जिल्ह्याला महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, 'आपले सरकार' पोर्टलवर मोबाईलवरून तक्रार करता येते, आणि दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज लागतो. "फेरी कुठल्या तारखेला, कुठल्या आदेशानं बंद केली" एवढा एकच प्रश्न विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुष्कळदा बंद केल्याचा आदेशच नसतो, गाडी नुसती येईनाशी झालेली असते.

पाच आठवड्यांनी गाडी आली. सकाळी ६.५० ला सुटते, संध्याकाळी ५.४० ला परत. ड्रायव्हरला नारळ दिला, कंडक्टरला टोपी. मंत्री कुणी नव्हता, त्यामुळं फोटोही साधाच.

पूर्ण काम झालंय असं नाही. रविवारी आणि शाळेच्या सुट्टीत गाडी येत नाही, बाजारच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना अजून जीपच. आठवड्यातून एखाद्या वेळी "गाडी ब्रेकडाऊन" म्हणून फेरी रद्द होते. त्या तारखा आता एक अकरावीची मुलगी वहीत लिहून ठेवते. हिवाळी अधिवेशनाच्या आधी ती वही आमदारांकडं द्यायची आणि बाजारच्या फेरीचा प्रश्न लावायला सांगायचा असं ग्रामसभेत ठरलंय. उत्तराला त्या दिवशी मंत्री उभे राहतात की राज्यमंत्री ते बघू. चुलतभावाच्या मुलीचं वर्ष गेलं, जूनमध्ये तिनं नववीला परत नाव घातलंय.